कण सतत हलतात, हे घरी दाखवायचं कसं: वारा आणि प्रवाह वगळून

पदार्थाचे कण सतत गतिमान असतात, हे वाक्य शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. पुरावा विचारला की उत्तरही ठरलेलं असतं. खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळात दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो. परीक्षेत त्याला गुण मिळतात. माझ्या मते हा पुरावा लंगडा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईत नेरूळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये तर तो जवळजवळ निकामी ठरतो, कारण डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि खिडकीतून खाडीवरचा वारा येत असतो. मग वास पोचवला कोणी?

हिशोब करून बघा. हवा अगदी स्थिर असेल आणि वासाचे रेणू निव्वळ स्वतःच्या धडपडीने पसरत असतील, तर तासाभरात ते साधारण पाव मीटर जातात. एक मीटर जायला बारा-चौदा तास लागतात. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, त्यामुळे एक किलोमीटरसाठी दीड हजारांहून जास्त वर्षं लागतील. वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या मसाला मार्केटबाहेरच्या रस्त्यावर मिरचीचा ठसका लागतो, त्याचं श्रेय वाऱ्याचं. कणांची हालचाल खरी आहे, पण तिचा पुरावा म्हणून हा ठसका चालणार नाही.

सोसायटीतल्या मुलांना काही करून दाखवायचं आहे असे पालक आणि नव्याने विज्ञान शिकवायला लागलेले शिक्षक, या दोघांसाठी हे लिहितो आहे. खालच्या प्रत्येक प्रयोगात एकच पथ्य पाळायचं आहे: वारा, पाण्यातले प्रवाह आणि हाताचा धक्का यांना वाट बंद करायची. तरीही काही हललं, तर ते कणांनी केलं असं म्हणता येतं.

सामान

चायना ग्रास, खाण्याचा लाल किंवा निळा रंग, व्हॅनिला इसेन्स आणि फुगे. हे सगळं जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात एका फेरीत मिळतं. हिरवा रंग टाळा. तो बहुतेक वेळा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो आणि मग रंगाची कड कुठली धरायची यावर मुलांची भांडणं होतात. त्याखेरीज सरळ उभ्या भिंतींचे दोन काचेचे ग्लास, पट्टी, मार्कर आणि थोडं होमोजिनाइज्ड दूध लागेल. पिशवीवर तसं छापलेलं असतं. मायक्रोस्कोप मात्र शाळेतून किंवा ओळखीच्या कॉलेजमधून मिळवावा लागेल. दहाचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि चाळीसचं खालचं भिंग, म्हणजे ४०० पट मोठं दाखवणारा साधा विद्यार्थी-मायक्रोस्कोप पुरतो.

जिलेटिन घेऊ नका. ते तिशीच्या आसपासच्या तापमानालाच सैल व्हायला लागतं. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यात सकाळी घट्ट असलेली जेली दुपारी सरबत होते आणि प्रयोग वाया जातो. चायना ग्रास म्हणजे अगार. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. आपल्या हवेला हेच बरं.

पायरी १: आधी चुकीचा पुरावा नीट बघा

काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या, दहा मिनिटं टेबलावर तसंच राहू द्या आणि वरून रंगाचा एक थेंब सोडा. मुलं लगेच म्हणतील, "पसरला!" त्यांना थांबवा आणि नीट बघायला सांगा. रंगाचे दोरे खाली उतरताना दिसतील, मग तळाशी वळून वर येताना दिसतील. थेंब पाण्यापेक्षा जड असतो म्हणून बुडतो, शिवाय ग्लासातलं पाणी सगळीकडे सारख्या तापमानाचं नसल्यामुळे आपणहून फिरत असतं. पाच मिनिटांत पाणी रंगतं ते मुख्यतः या प्रवाहामुळे.

ओळखायची खूण सोपी आहे. दोरे, शेपट्या, भोवरे दिसले की समजायचं, तो प्रवाह. कणांच्या स्वतःच्या हालचालीने पसरणाऱ्या रंगाची कड मऊ, धूसर आणि सगळीकडे सारखी असते. या पायरीत सिद्ध काहीच होत नाही, पण नजर तयार होते. ती नसेल तर पुढचं सगळं जादूच्या प्रयोगासारखं बघितलं जाईल.

पायरी २: अगारच्या जेलीतला रंग

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. वेळ याच्यासाठी राखून ठेवा.

आदल्या संध्याकाळी ४०० मिलिलिटर पाण्यात ४ ते ५ ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजत घाला, मग मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. तुकडे तरंगताना दिसत असतील तर अजून उकळायला हवं. गाळून दोन ग्लासांत प्रत्येकी निम्म्याच्या वर ओता. घट्ट व्हायला तासभर लागतो. एक ग्लास बाहेर ठेवा, एक फ्रिजमध्ये. रंगाचं पाणीही तेव्हाच करून ठेवा, चांगलं गडद, आणि तेही दोन वाट्यांत: एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. रात्रभरात ज्याचं तापमान त्याला मिळतं. ही तयारी गाळली तर गरम-थंडाची तुलना फुकट जाते.

सकाळी सहा वाजता दोन्ही ग्लासांत जेलीवर दोन-दोन सेंटीमीटर रंगाचं पाणी ओता. बाहेरच्यात बाहेरचं, फ्रिजमधल्यात फ्रिजमधलं. ओतताना चमच्याच्या पाठीवरून ओता, म्हणजे जेलीला खड्डा पडणार नाही. वरून प्लास्टिकची फिल्म लावा आणि जेलीच्या पृष्ठभागाशी काचेवर मार्करने रेघ मारा.

या जेलीत शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच आहे. उरलेल्या एका भागाची जाळी पाण्याचा प्रवाह अडवते, पण रंगाच्या रेणूंना तिची भोकं प्रशस्त आहेत. म्हणून इथे रंग खाली उतरला तर त्याला कोणी वाहून नेलेलं नाही.

आता मोजमाप. सहाला सुरुवात केली असेल तर सकाळी दहाला (४ तास), रात्री दहाला (१६ तास) आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला (३६ तास) रंगाची कड कुठपर्यंत आली ते काचेवर खूण करून पट्टीने मोजा. मागे पांढरा कागद धरा. दर वेळी एकाच माणसाने बघायचं आणि प्रकाशही शक्यतो सारखा ठेवायचा, कारण धूसर कड कुठे संपली हे प्रत्येकाला वेगळं दिसतं. पहिल्या मोजणीला जेमतेम काही मिलिमीटर मिळतील. मुलांचा विरस होईल, होऊ द्या.

४, १६ आणि ३६ हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. रंग एकसारख्या वेगाने खाली सरकत असता, तर तीन अंतरांचं प्रमाण १:४:९ आलं असतं. प्रत्यक्षात ते १:२:३ च्या आसपास येतं. चौपट वेळात दुप्पट अंतर, नऊपट वेळात तिप्पट. अगदी नेमकं येणार नाही, पण १:४:९ नक्कीच येणार नाही. निव्वळ "रंग पसरला" यापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे, कारण असं प्रमाण दिशाहीन भटकंतीतूनच येतं.

ते का, हे फळ्यावर सांगू नका, करून घ्या. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात फरशांच्या एका ओळीवर मुलांना उभं करा. प्रत्येकाच्या हातात एक नाणं. छापा पडला तर एक फरशी पुढे, काटा पडला तर एक मागे. चार फेकींनंतर प्रत्येकाने सुरुवातीपासून किती फरशा दूर आहोत ते सांगायचं, दिशा सोडून द्यायची, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. मग तसंच चालू ठेवून सोळा फेकींना आणि छत्तीस फेकींना. सरासऱ्यांचं प्रमाण पुन्हा १:२:३ च्या जवळ येतं. मुलं जितकी जास्त, तितकं जवळ. पाचच मुलं असतील तर आकडे वाट्टेल तसे येतील. कोणालाच पुढे जायला सांगितलेलं नसतं, तरी घोळका पसरत जातो. जेलीतल्या रंगाचंही तेच होतं: रेणूला खाली जायचं नसतं, त्याला पाण्याचे रेणू सगळीकडून ढोसत असतात.

आता फ्रिजमधला ग्लास. ३६ तासांनी बाहेरच्या ग्लासातली कड फ्रिजमधल्यापेक्षा साधारण दीडपट खोल गेलेली दिसेल. म्हणजे तापमान वाढलं की धडपड वाढते. इथे पुस्तकी उत्तरात एक बारीक भर घालाविशी वाटते. ४ अंशांवरून ३० अंशांवर आल्याने रेणूंचा सरासरी वेग पाच टक्केसुद्धा वाढत नाही. खरा फरक पाण्यात पडतो. थंड पाण्यात रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, ऊब मिळाली की ती पकड सुटी होते आणि वाट मोकळी होते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगा, सहावी-सातवीच्या मुलांना नको.

दोन-तीन दिवसांत जेली टाकून द्या. पावसाळ्यात तर त्याआधीच तिच्यावर बुरशी येते.

पायरी ३: गाठ मारलेला फुगा

वायूसाठी हा प्रयोग, आणि तो छोटा आहे. ड्रॉपरने फुग्यात व्हॅनिला इसेन्सचे आठ-दहा थेंब सोडा, तोंडाला बाहेरून एकही थेंब लागू देऊ नका. पंपाने फुगवा, घट्ट गाठ मारा, बाहेरून पुसा आणि झाकणाच्या खोक्यात ठेवा. दुसऱ्या खोक्यात तसाच पण इसेन्स नसलेला फुगा ठेवा. अर्ध्या तासाने तिसऱ्याच माणसाला बोलावून विचारा, कुठल्या खोक्यात वास आहे? ज्याने थेंब टाकले त्याने वास घ्यायचा नाही, त्याच्या हाताला वास असतोच. साधा फुगा हवा, कारण रबराला स्वतःचा वास असतो आणि व्हॅनिला ओळखायचा तर दोन्ही हुंगून बघायला हवेत.

फुग्याच्या भिंतीतून वारा जात नाही, रेणू जातात. पॉलिथिनच्या पिशवीतल्या हिंगाचा वास कपाटभर होतो तो असाच. दिवाळे कोळीवाड्यातून सुके बोंबील घेऊन लोकलने येणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही; पिशवीवर पिशवी चढवली तरी शेजारचा प्रवासी नाक मुरडतोच.

मुलं इथे हमखास एक प्रश्न विचारतात: रेणू किती वेगाने पळतात? हवेतले नायट्रोजनचे रेणू आपल्या खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जात असतात. त्या वेगाने ठाणे ते सीएसएमटी हे ३४ किलोमीटर सव्वा मिनिटाच्या आत संपतील. मग वास पाव मीटर जायला तास का लावतो? कारण एक रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर जातो, तोच दुसऱ्यावर आपटतो आणि दिशा बदलते. सेकंदाला अब्जावधी टकरा. पुन्हा तोच नाण्याचा खेळ.

अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा काचेच्या नळीतला प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच राहू द्या. नळीच्या दोन टोकांना दोघांत बुडवलेले बोळे ठेवले की आम्लाच्या टोकाकडे पांढरं कडं तयार होतं, कारण हलका अमोनिया जास्त पुढे येतो. दिसायला सुंदर आहे, पण घरी नाही. आणि टॉयलेट क्लीनर व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

पायरी ४: दुधाच्या थेंबातली थरथर

आतापर्यंतचे पुरावे परिणामांवरून होते. इथे धक्के खाणारा कण प्रत्यक्ष दिसतो.

एक चमचा पाण्यात दुधाचा एकच थेंब टाका आणि ढवळा. त्यातला अगदी लहान थेंब काचपट्टीवर घ्या, वर कव्हरस्लिप (पातळ काचेचा लहान चौकोन) ठेवा आणि तिच्या चारी कडा पेट्रोलियम जेलीने बंद करा. कडा उघड्या राहिल्या तर पाणी सुकत जातं आणि सगळे कण एका बाजूला वाहू लागतात. आधी लहान भिंगाखाली फोकस करा, मग चाळीसच्या भिंगाखाली आणा. प्रकाश कमी करा. खालचं डायाफ्राम (प्रकाश कमी-जास्त करायची झडप) जवळजवळ मिटवलं की स्निग्धाचे गोल ठिपके उठून दिसतात. नवशिके इथेच अडतात. प्रकाश जास्त ठेवतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात.

आता एका मोठ्या आणि एका बारीक ठिपक्याकडे दोन मिनिटं बघा. मोठा जवळजवळ स्थिर असतो, बारीक मात्र जागच्या जागी थरथरतो, थोडा इकडे, थोडा तिकडे, कधीच थांबत नाही. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा गोळा सेकंदाभरात साधारण स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. होमोजिनाइज्ड दूध यासाठीच सांगितलं, त्यात गोळे बारीक केलेले असतात. हे गोळे म्हणजे रेणू नव्हेत, हे मुलांना स्पष्ट सांगा. रेणू त्याहून हजारो पट लहान आणि या मायक्रोस्कोपला न दिसणारे. न दिसणाऱ्यांचे धक्के दिसणाऱ्याला बसताहेत, एवढंच आपण बघतो. मोठ्या गोळ्याला सगळीकडून इतके धक्के बसतात की ते एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. लहानाच्या बाबतीत एखाद्या बाजूचं पारडं क्षणभर जड होतं आणि तो हलतो.

शंका काढणारं मूल गटात असेल तर उत्तम. "लोकल गेली म्हणून टेबल हललं असेल," असं रुळांजवळ राहणारा कोणीतरी म्हणेलच. टेबलावर टिचकी मारून दाखवा: धक्का बसला की सगळे ठिपके एकत्र, एकाच दिशेला हलतात. प्रवाह असेल तरी सगळे एकाच दिशेला वाहतात. थरथरीत मात्र शेजारचे दोन ठिपकेही एकमेकांचं ऐकत नाहीत.

या शंका जुन्याच आहेत. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात असेच थरथरताना बघितले. (परागकणच हलले, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, परागकण त्यासाठी फार मोठे आहेत.) जीव असल्यामुळे हलत असतील म्हणून त्याने काचेची, दगडाची, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सच्या तुकड्याचीही पूड करून बघितली. तीही हलली. पाणी सुकल्याने हलत असतील या शंकेवर त्याने पाण्याचे थेंब तेलात बुडवून ठेवले, म्हणजे सुकायला वावच नाही, तरी थरथर चालूच. आपल्या पेट्रोलियम जेलीचं काम तेच. खुलासा यायला १९०५ उजाडलं. आइन्स्टाइनने हिशोब मांडला की रेणूंच्या धक्क्यांनी कण हलत असेल, तर चौपट वेळात तो सरासरी दुप्पट दूर जायला हवा. झाँ पेरँ याने १९०८ पासून राळेचे बारीक गोळे घेऊन ते मोजलं आणि अणू-रेणू खरोखर आहेत की नाहीत यावरचा वाद मिटवला. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

पेरँचं मोजमाप मोबाइलवर करता येतं. फोन आयपीसला टेकवून पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, मोठ्या पडद्यावर चालवा, पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवा आणि एकाच ठिपक्याची जागा दर दहा सेकंदांनी मार्करने टिपा. ठिपके रेघांनी जोडा. जी वेडीवाकडी नक्षी येते तशीच पेरँने काढली होती, त्याने दर तीस सेकंदांनी जागा टिपली होती.

काचपट्टी फेकू नका. कडा नीट बंद असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ढवळून एक दिवस झाला, कोणी हात लावला नाही, तरी थरथर तशीच. पाठ केलेल्या वाक्यातल्या "सतत" या शब्दाचा पुरावा हाच. स्फटिकांच्या पोटात प्राचीन काळी अडकलेल्या पाण्याच्या थेंबातले बुडबुडेही असेच हलताना बघितले गेले आहेत.

पायरी ५: स्थायूंचं काय?

"मग टेबल का नाही पसरत?" हा प्रश्न येणारच. स्थायूतले कण जागेवरच कंप पावतात, शेजाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलेलं असतं. पण जागा सोडणारे थोडे तिथेही असतात. १८९६ मध्ये रॉबर्ट्स-ऑस्टिन या धातुशास्त्रज्ञाने सोन्याला शिसं चिकटवून तापवलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याने तापमान त्याखालीच ठेवलं, तरी घन शिशात सोनं शिरलेलं सापडलं.

घरी एवढं जमणार नाही, पण डांबरगोळ्या आहेत. त्या न वितळता थेट हवेत जातात. चार गोळ्या कपाटात उघड्या वाटीत आणि चार झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बरणीत ठेवा, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा हवा. उघड्या गोळ्यांचं वजन दर रविवारी घ्या. बरणीतल्या गोळ्या सुरुवातीला आणि दोन महिन्यांनी अशा दोनदाच मोजा, मध्ये झाकण उघडू नका. बंद बरणीत बाहेर पडणारे आणि परत गोळीवर बसणारे रेणू लवकरच सारखे होतात, त्यामुळे तिथे घट नगण्य दिसेल. जुलैत वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात त्याचं कारणही हेच: दमट हवेतून पाण्याचे रेणू कापडावर जवळजवळ तितकेच परत येत असतात.